ठाण्यात कोळशाची ग्रिल वापरायची तर

डिसेंबर लागला की घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: “गच्चीवर बार्बेक्यू चालेल का?” मग चार अंगठे येतात, दोन “कमिटीला विचारा” येतात आणि वरच्या मजल्यावरचं कुणीतरी “धुराचं काय?” असं टाकतं. धुराचा प्रश्न रास्त आहे, पण सगळ्यांत लहान आहे. धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, माणूस आपसूक बाजूला सरकतो. कोळशातलं जे जिवावर बेतू शकतं ते धूर संपल्यावर सुरू होतं आणि जेवणं आटोपून मंडळी झोपायला गेली तरी चालूच असतं.

ज्यांनी पहिली ग्रिल नुकतीच घेतली आहे किंवा घ्यायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आपण गॅसवर वाढलेली माणसं. बटण फिरवलं की जाळ, उलटं फिरवलं की बंद. कोळशाला बटण नाही. तो नीट पेटायला अर्धा तास घेतो आणि पुरता विझायला दुसरा दिवस उजाडतो. या दोन टोकांची सोय आधी लावून ठेवली, तर मधलं भाजणं फारसं अवघड नाही.

जागा: बाल्कनी नाही म्हणजे नाही

सगळ्यात आधी हे मिटवून टाकू. फ्लॅटच्या बाल्कनीत कोळसा पेटवायचा नाही. सरकत्या काचा उघड्या असल्या तरी नाही, ड्राय बाल्कनीत नाही, “आमची बाल्कनी पूर्ण ओपन आहे हो” असली तरीही नाही. ठिणगी उडते, वर सहाव्या मजल्यावर कुणाची ओढणी वाळत असते, बाजूला एसीचं बाहेरचं युनिट आणि त्याच्या वायरी असतात. हे झालं दिसणारं कारण.

न दिसणारं कारण म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळसा जळताना हा वायू तयार होतोच. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास व्यवस्थित चाललेला असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोकं जड होतं, मग गरगरतं, मळमळतं, झोप येते. नेमकी इथेच माणसं फसतात, कारण जेवण जड झालंय असंच प्रत्येकाला वाटतं. तीन भिंती आणि वर छत असलेल्या बाल्कनीत वारा आत वळला की हा वायू सरळ हॉलमध्ये येतो. खिडकी उघडून किंवा पंखा लावून भागत नाही, तोंडाला मास्क लावूनही नाही.

आणखी एक. धूर येणं थांबलं, निखारे लालबुंद झाले, म्हणजे आता ग्रिल “स्वच्छ” झाली असा पुष्कळांचा समज असतो. मग अवकाळी पावसाची सर आली की ती उचलून जिन्यात किंवा लॉबीत आणतात. लाल निखाऱ्यांतून हा वायू निघतच असतो. पाऊस आला तर ग्रिलचं झाकण लावा, माणसांनी आडोशाला जावं, आणि ग्रिल भिजली तर भिजू द्यावी.

मग पेटवायची कुठे? नवी मुंबईत रो-हाऊसचं अंगण असेल तर उत्तम. शहापूर, मुरबाड, कर्जतकडे कुणाचं शेतघर असेल तर त्याहून उत्तम. उरलेल्या आपल्यासारख्यांना गच्ची. कोजागिरीला दूध आटवायला गच्ची मिळते तशी ग्रिललाही मिळेल असं गृहीत धरू नका. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, तारीख आणि वेळ लिहा, गच्चीची किल्ली कुणाकडे राहील ते ठरवा आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवा. धूर बघून घाबरून तोच पहिला वर धावतो. बारा-पंधरा मजल्यांच्या वरच्या इमारतींत रेफ्युज एरिया असतो. मोकळा, हवेशीर, मोहात पाडणारा. तिथे अजिबात नको. आग लागली तर लोकांनी येऊन थांबायची ती जागा आहे.

गच्चीवर गेल्यावर ग्रिलच्या चहूबाजूंनी तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट, जळण्यासारखं काही नसावं. आपल्या गच्च्यांवर अशा गोष्टी भरपूर असतात: प्लास्टिकच्या काळ्या टाक्या, सोलर हीटरचे पाइप, केबलच्या वायरी, पावसाळ्यात बांधलेली आणि तशीच राहिलेली ताडपत्री, कुणीतरी ठेवून दिलेली गणपतीची थर्माकोलची मखर. पत्र्याच्या शेडखाली ग्रिल लावू नका, शेडच्या बाहेर लावा. खाली वॉटरप्रूफिंगचा डांबरी थर असेल तर पडलेला एक निखाराही त्याला भोक पाडतो आणि त्याचं बिल पुढच्या पावसाळ्यात येतं. आठ-दहा विटा अंथरा किंवा सिमेंटच्या जाड लाद्या मांडा आणि त्यावर ग्रिल ठेवा. ती डुगडुगत नाही ना, हे कोळसा टाकायच्या आधी दोन्ही हातांनी हलवून बघा.

वारा बघायला वर्तमानपत्राची पट्टी हातात धरा. खाडीकडच्या बाजूला, पाम बीच रोडच्या उंच इमारतींवर किंवा कोलशेतच्या बाजूला, दुपारचा वारा चांगलाच असतो. पट्टी सरळ आडवी फडफडत असेल तर त्या दिवशी बेत रद्द. मंद झुळूक असेल तर वारा माणसांच्या पाठीशी आणि ग्रिल त्यांच्या पुढे.

येऊरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण रविवारी सकाळी पिशव्या घेऊन तिकडे जाणारे दिसतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे विस्तव पेटवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी फेब्रुवारीनंतर तिथलं गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीला सबंध उतार पुरत नाही. खारघरच्या आणि पारसिकच्या डोंगरांवरही गवत असंच वाळतं, तिथेही विस्तव नको.

ग्रिल निवडताना

झाकण असलेली घ्या. बाकी सगळं दुय्यम. झाकण म्हणजे कोळशाचा एकमेव ब्रेक. खाली हवेची झडप आणि वर झाकणात दुसरी झडप, या दोन गोष्टी असल्या की जाळ आपल्या ताब्यात राहतो. गोल किटलीसारखी ग्रिल बाजारात दिसते तिचा जन्म १९५२ सालचा. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफनला उघड्या ग्रिलवर वारा आणि राख सोसवेना, म्हणून त्यानं कारखान्यात बनणाऱ्या धातूच्या बोयाचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेचा, गोळा मधोमध कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्याचं झाकण केलं. आज ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ग्रिल त्याच चालीवर बनलेल्या असतात. चौदा इंची ग्रिल चार-पाच माणसांना पुरते.

जवळच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेणार असाल तर एकच गोष्ट ठासून सांगा: जी.आय. पत्रा नको. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो तापला की त्याची वाफ श्वासात जाते आणि ताप, थंडी, छातीत जडपणा असा त्रास होतो. साधा लोखंडी पत्रा चालेल, स्टेनलेस स्टील असेल तर उत्तमच. रंगाचा रिकामा डबा कापून केलेली ग्रिल किंवा जुन्या फ्रिजमधली जाळी वर ठेवणं, हे जुगाड करू नका. त्या जाळीवर कसला मुलामा आहे ते आपल्याला कळत नाही आणि आपण त्यावर जेवण ठेवणार असतो.

बरोबर एवढं हवं: लांब दांड्याचा चिमटा (दोन, एक कच्च्यासाठी, एक शिजलेल्यासाठी), जाड सुती किंवा चामड्याचे हातमोजे, झाकण असलेली लोखंडी बादली, वाळूची एक बादली, पाण्याची एक बादली. सोसायटीचं एबीसी पावडरचं अग्निशामक सिलिंडर गच्चीच्या दारापाशी असतं, त्याचा काटा हिरव्यात आहे का ते बघून ठेवा. आणि विणलेला हातपंखा. कणीसवाला वापरतो तोच. हेअर ड्रायरनं कोळसा फुलवणारे पाहिले आहेत. त्यानं कोळसा फुलतो खरा, पण ठिणग्या आणि राख पार पलीकडच्या गच्चीवर जाते.

कोळसा कोणता

लाकडी कोळसा हवा, दगडी नको. दगडी कोळशात गंधक असतं, त्याचा धूर अन्नाला लागणं बरं नव्हे. लाकडी कोळसा कुठे मिळतो याचा सगळ्यात खात्रीचा पत्ता तुमच्या इस्त्रीवाल्याकडे असतो. ज्याची इस्त्री अजून कोळशावर आहे त्याला विचारा, तो वखार सांगेल. चांगला कोळसा एकमेकांवर आपटला की टणटण वाजतो, हलका लागतो आणि तुटल्यावर आतून काळा चमकदार दिसतो. पोत्याच्या तळातला भुगा आणि बारीक तुकडे घेऊ नका, ते हवेची वाट अडवतात आणि धुमसत राहतात. आतून तपकिरी दिसणारे तुकडे म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड. धूर करणार.

नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या विटा, म्हणजे ब्रिकेट, मॉलमध्ये आणि ऑनलाइन मिळतात. धूर कमी, आच एकसारखी, जास्त वेळ टिकते. नवशिक्याला त्याच सोप्या. मात्र हुक्क्यासाठी ज्या काडी लावताच पेटणाऱ्या चकत्या मिळतात त्या घेऊ नका, त्यांत पेट घेण्यासाठी रसायन मिसळलेलं असतं आणि अन्नाला तोच वास लागतो. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, फर्निचरचे तुकडे यांना ग्रिलच्या जवळपासही फिरकू देऊ नका.

चार-पाच माणसांच्या जेवणाला दीड-दोन किलो कोळसा पुरतो. पहिल्यांदा सगळेच जास्त टाकतात.

पेटवणं

यासाठी चिमनी स्टार्टर घ्या. दांडा असलेलं, तळाला जाळी असलेलं पत्र्याचं उभं नळकांडं असतं ते. ग्रिलपेक्षा मी त्यावर पैसे खर्च करायला आधी सांगेन, कारण रॉकेलचा मोह त्यानंच सुटतो.

१. ग्रिलची खालची झडप पूर्ण उघडा. आत जुनी राख असेल तर काढा. बरेच दिवस गच्चीवर पडून असेल तर झाकणाखाली डोकावून बघा. पाल, झुरळं किंवा कबुतराच्या काड्या निघू शकतात.

२. वर्तमानपत्राची दोन पानं सैलसर चुरगळून त्यावर चमचाभर खाण्याचं तेल शिंपडा. तेलामुळे कागद एकदम भडकत नाही, सावकाश जळतो. हे बोळे नळकांड्याच्या तळाशी आणि वर कोळसा.

३. नळकांडं ग्रिलच्या आतच, कोळशाच्या जाळीवर ठेवा आणि खालून दोन-तीन ठिकाणी काडी लावा. गच्चीच्या फरशीवर ठेवलंत तर फरशी तडकते.

४. आता पंधरा-वीस मिनिटं काहीही करू नका. पहिली पाच मिनिटं दाट पांढरा धूर येईल. “पेटलंच नाही वाटतं” म्हणत त्यात आणखी काहीतरी ओतायची हुक्की नेमकी याच वेळी येते.

पेट्रोल, रॉकेल, थिनर, सॅनिटायझर, यांपैकी काहीही नाही. पेटल्या कोळशावर तर कधीच नाही. पेट्रोलची वाफ कोळशाच्या आधी पेटते आणि ज्योत धारेवरून उलटी बाटलीत येते. सॅनिटायझरची ज्योत तर उजेडात दिसतही नाही.

वरच्या थरातल्या कोळशांच्या कडा राखाडी झाल्या आणि आत लाल धग दिसायला लागली की जवळ जाऊन नीट बघा. निखाऱ्यांच्या फटींतून निळसर, पातळ ज्योती नाचताना दिसतात. वर ज्या कार्बन मोनॉक्साइडबद्दल लिहिलं, तोच तिथे जळत असतो. डोळ्यांना दिसण्याची त्याची ही एवढीच जागा. हवा कमी पडली की तो न जळता तसाच बाहेर पडतो, म्हणून निखारे मंदावल्यावर ग्रिल आत आणणं जास्त धोक्याचं.

५. हातमोजे घाला, अंगावर सुती कपडे असू द्या, ओढणी किंवा पदर खोचून घ्या. नळकांडं दोन्ही हातांनी धरून आपल्यापासून दूर, सावकाश ओता. ओतताना काचेसारखा किणकिण आवाज होतो आणि ठिणग्यांचा एक लोट उठतो. तोंड बाजूला ठेवा आणि मुलांना आधीच मागे उभं करा. मुलांसाठी गच्चीवर खडूची रेघ मारून ठेवली तर दर पाच मिनिटांनी ओरडावं लागत नाही.

भाजणं

सगळे निखारे ग्रिलभर पसरू नका. एका बाजूला ढीग करा, दुसरी बाजू रिकामी. ढिगाच्या बाजूला खरपूस रंग येतो, रिकाम्या बाजूला झाकणाखाली आतपर्यंत शिजतं. एखाद्या तुकड्यावर तेल गळून जाळ उठला तर त्याला सरकवायला जागाही मिळते.

आच किती आहे हे तळहातानं कळतं. जाळीच्या चार-पाच इंच वर हात धरा आणि सेकंद मोजा. दोन-तीनमध्ये काढावा लागला तर कडक आच: पनीर, सिमला मिरची, कोळंबी. पाच-सहापर्यंत टिकला तर मध्यम: बांगडा, चिकन. आठ-दहा म्हणजे उतरलेली, कांदे-बटाटे आणि रताळी अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायला छान. लाकडाच्या काड्यांवर ओवणार असाल तर काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा.

जाळी रिकामी पाच-सात मिनिटं तापू द्या, मग चिमट्यात तेलाचा बोळा धरून तिच्यावरून फिरवा. बांगड्याची कातडी जाळीला चिकटून उरलेला मासा तुटक्या चपलेसारखा हातात येतो तो ही पायरी चुकवल्यामुळेच. चिरे पाडून, आगळ-हळद-मीठ लावलेला बांगडा कोरडा पुसून ठेवा आणि कड सुटेपर्यंत उलटू नका. जाळी स्वतःहून सोडते.

चिकन वरून काळं आणि आत गुलाबी राहणं, हा नवशिक्यांचा ठरलेला अनुभव. दह्याचं मॅरिनेशन आणि त्यातली साखर लवकर करपते, त्यामुळे शिजल्याचा भास होतो. मटणाचा किंवा चिकनचा तुकडा टोचायचा थर्मामीटर फार महाग नसतो. चिकनच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सियस दिसायला हवं. कच्चं चिकन ज्या ताटातून आणलं त्याच ताटात शिजलेलं परत काढू नका, आणि ज्या मॅरिनेशनमध्ये कच्चं मांस होतं ते शेवटी वरून ब्रशनं लावू नका. तयार पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. पारा ३२ अंशांच्या वर असेल, आणि आपल्याकडे मार्च ते मे तो असतोच, तर एकच तास धरा.

चरबी निखाऱ्यावर पडून जाळ उठला तर पाणी मारायचं नाही. पेटलेलं तेल पाण्यासोबत उडतं आणि वाफेनं हात भाजतो. तुकडे रिकाम्या बाजूला घ्या आणि झाकण लावा. तेवढ्यानं शांत झालं नाही तर दोन्ही झडपाही बंद करा. हवा तुटली की जाळ बसतो. झाकण पुन्हा उघडताना सरळ वर उचलू नका, आधी आपल्यापासून पलीकडची कड उचला, म्हणजे आतली वाफ आणि भडका समोरच्या दिशेनं जातो. जाळ ग्रिलच्या बाहेर आला तर वाळू, मग सिलिंडर, आणि १०१.

मध्येच कोळसा कमी पडला तर कच्चा कोळसा थेट टाकू नका, पुन्हा धूर सुरू होतो. नळकांड्यात वेगळा पेटवून ओता. ग्रिल पेटलेली असताना एक माणूस सतत तिथेच, हा नियम पाळा. तो माणूस बाटलीतलं काही पीत नसलेला असावा. गटारीला आणि ३१ डिसेंबरला हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

सगळं आटोपल्यावर मंद निखाऱ्यांवर दोन वांगी ठेवून द्या. तेल लावून, चार टोचे मारून. दुसऱ्या दिवशीच्या त्या भरताची सर गॅसवरच्या वांग्याला येत नाही.

विझवणं

इथे घाई करायची नाही. जेवणं झाली, हात धुतले, साडेअकरा वाजले, खालच्यांचा फोन आला आणि सगळ्यांना ग्रिल खाली न्यायची असते. तेव्हा निखारे काळे पडलेले असतात, वर राखेचा थर असतो आणि हात लावायला बाहेरचा पत्रा जेमतेम कोमट असतो. राख ही उत्तम उष्णतारोधक आहे. तिच्या पोटातला निखारा चोवीस तासांनंतरही जिवंत असू शकतो.

झाकण लावा, वरची-खालची झडप पूर्ण बंद करा आणि ग्रिल तिथेच, विटांवर, रात्रभर राहू द्या. गच्चीचं दार बंद करा आणि किल्ली ज्याच्याकडे द्यायची त्याला सांगा. ही सोय आधीच मागून ठेवायची असते, म्हणून अर्जात “दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत” असं लिहा.

उघडी शेगडी असेल, झाकण नसेल, तर निखारे चिमट्यानं एकेक करून पाण्याच्या लोखंडी बादलीत सोडा. उलट करू नका, म्हणजे शेगडीत बादलीभर पाणी ओतू नका. वाफेचा आणि गरम राखेचा लोट तोंडावर येतो, पत्रा वाकतो, आणि मधले निखारे कोरडेच राहतात.

धग असलेली ग्रिल लिफ्टमध्ये नेऊ नका. बंद लिफ्टमध्ये तो वायू आणि तुम्ही, दोघंच. कर्जतहून परतताना ती गाडीच्या डिकीत तर अजिबात ठेवू नका. काचा वर, एसी चालू, मागे झोपलेली मुलं आणि डिकीत “विझलेला” कोळसा, हे अपघाताचं आमंत्रण आहे. भंडारदऱ्याला थंडीत तंबू टाकणाऱ्यांनी ऊब म्हणून शेगडी आत घेणं हेही तेच. ग्रिल बरोबर न्यायची असेल तर परतीच्या आदल्या दिवशी पेटवा.

राख झाकणाच्या लोखंडी बादलीत काढा आणि घराबाहेर ४८ तास राहू द्या. घाई असेल तर पाणी घालून ढवळा, वाफ येणं बंद झालं का बघा. प्लास्टिकच्या डस्टबिनमध्ये, कॅरी बॅगेत किंवा कचऱ्याच्या डक्टमध्ये गरम राख टाकू नका. डक्ट म्हणजे आयतं धुराडं. गार झालेली राख घंटागाडीवाल्याला वेगळी बांधून, “राख आहे” असं सांगून द्या. शुद्ध लाकडी कोळशाची राख कुंड्यांत चिमूटभर चालते. ब्रिकेटमध्ये चिकटवायला काय मिसळलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, ती झाडांना नको. झडपा बंद करून विझलेला अर्धवट कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो, तो नव्यापेक्षा लवकर पेटतो.

भाजलं किंवा गरगरलं तर

भाजलेल्या जागेवर नळाचं वाहतं साधं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, तूप नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. चेहरा, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल, अथवा फोड तळहाताएवढा असेल तर थेट हॉस्पिटल.

ग्रिलजवळच्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं किंवा मळमळायला लागलं तर अ‍ॅसिडिटीची गोळी शोधत बसू नका. सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा आणि “कोळशाच्या धगीजवळ होतो” हे डॉक्टरांना आधी सांगा. १०८ लागला नाही तर ११२.

निगा

जाळी साफ करायची वेळ म्हणजे ती गरम असताना. पदार्थ काढल्यावर अर्धा कांदा काट्यावर टोचून जाळीवर घासा, किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा चिमट्यात धरून. बारीक तारांचा ब्रश वापरू नका. त्याची तुटलेली तार जाळीला चिकटते, तिथून घासात येते आणि घशात किंवा आतड्यात रुतते. बिडाची जाळी असेल तर साबण टाळा. पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा, जसा बिडाचा तवा ठेवतो.

ग्रिल गंजते ती मुख्यतः राखेमुळे. राख हवेतला ओलावा ओढून घेते, तो ओला क्षारी थर पत्र्याला चिकटून बसतो आणि तळ आतून खातो. खाडीलगतच्या हवेत हे आणखी लवकर होतं. म्हणून दर वापरानंतर, पूर्ण गार झाल्यावर, राख काढून कोरड्या फडक्यानं पुसायचं. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे सुटतात. तो रंग नसतो, साचलेली काजळी आणि चरबी असते. लाकडी खरवडणीनं काढून टाका, नाहीतर पुढच्या वेळी तीच पेट घेते. झडपेचा पत्रा अडकत असेल तर तेलाचा थेंब सोडून मोकळा करा. बंद न होणारी झडप म्हणजे न विझणारी ग्रिल.

जूनच्या आधी एकदा सगळी खोला. ठाण्यात पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात गच्चीवर सोडलेली साधी लोखंडी ग्रिल एका हंगामात वाया जाते. जाळ्या घासून, खाण्याच्या तेलाचा पातळ हात देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून घरात ठेवा. सांगाडा आत आणायला जागा नसेल तर कोरड्या आडोशाला, झडपा उघड्या ठेवून. प्लास्टिकचं कव्हर गच्च बांधू नका, आत वाफ धरते. पायांचे बोल्ट काढून तेलात बुडवून ठेवले तर दसऱ्यानंतर पाना लावताना शिव्या द्याव्या लागत नाहीत.

पावसाळ्यानंतर उघडाल तेव्हा पायांचे बोल्ट आवळा आणि झडपा फिरवून बघा. तळाच्या पत्र्यावर चमच्याच्या दांड्यानं ठोकून बघा. टण्ण वाजला तर ठीक, दबला किंवा पापुद्रा निघाला तर निखारे पेलायला तो भाग लायक नाही. जाळीवरचा वरवरचा गंज घासून, तेल लावून, एकदा रिकामी तापवली की जातो. पापुद्रे सुटणारी जाळी बदलायचीच. कोळसा मात्र घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला असावा. तरी ओल शिरलीच तर दोन दिवस कडक उन्हात पसरून वाळवा, कारण दमट कोळसा पेटताना फटाफट तडकतो आणि त्याचे तुकडे चार-पाच फुटांवर उडतात.